खिडकीतले मेज आणि आजीची जागा

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या चाळींतून आणि वस्त्यांतून एक दृश्य हमखास दिसते. कुणी जिन्यात बसलेले असते, कुणी गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली, कुणी बुद्धविहाराच्या पायरीवर. मांडीवर पुस्तक, गुडघ्यावर वही आणि मान खाली. अभ्यासाची इच्छा आहे, बुद्धीही आहे. नाही ती फक्त दोन हात लांब अशी एक सपाट जागा.

आमच्या घरीही हेच चालले होते. दहा बाय सोळाची खोली, त्यातच मोरी आणि ओटा. माणसे पाच. आम्ही उभयता, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि आमची आई, म्हणजे मुलांची आजी. मुलीची शाळा दुपारची. संध्याकाळी सहाला ती घरी येई, तेव्हा धाकट्याचा दंगा, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही एकदमच सुरू होत. जेवणे आटोपली की पोरगी चटई घेऊन गॅलरीत जाई. थंडीच्या दिवसांत तिला तिथे अंगावर चादर घेऊन भूमिती सोडवताना पाहिले आणि तिच्या आईने विषय काढला. "एवढ्या मोठ्या खोलीत पोरीला एक कोपरा देता येत नाही का आपल्याला?"

खोली मोठी नव्हतीच. पण कोपरा होता. तो आम्ही कधी त्या नजरेने पाहिला नव्हता.

खिडकीचा कोनाडा

जुन्या चाळींच्या भिंती जाड असतात. आमची भिंत पंधरा इंचांची आहे. पण खिडकीच्या खालची भिंत बांधणाऱ्यांनी पातळ ठेवलेली. त्यामुळे खिडकीखाली जमिनीपासूनच एक कोनाडा तयार झाला आहे. रुंदी जवळपास चार फूट, खोली नऊ इंच. तिथे आईची लोखंडी पेटी असे आणि पेटीवर गोधडीची घडी. बाकी खोली दिवसासुद्धा अंधारी, पण कोनाड्यात उजेड भरपूर. मेज बसवायचे तर इथेच, यात शंका नव्हती.

बाजारातले तयार टेबल आम्ही पाहून आलो होतो. चार पायांचे टेबल आणि खुर्ची ठेवली की रात्री एका माणसाची अंथरुणाची जागा जाते. कोनाड्यात भिंतीच्या आधाराने फळी बसवली तर पायांची अडचण नाही. खर्चही एका प्लायच्या तुकड्याचा आणि थोड्या पट्ट्यांचा.

मापे घेतली तिच्या आईने. ती घरी शिवणकाम करते. टेप लावून तिने सांगितले, "पुढून साडेशेहेचाळीस, मागून पावणेशेहेचाळीस." आम्ही म्हटले, माप चुकले असेल. तिने पुन्हा घेतले, तेच आले. जुन्या भिंती गुण्यात नसतात हे आम्हाला तेव्हा कळले. मग तिने तिच्या धंद्यातली युक्ती काढली. ब्लाऊज बेतायच्या आधी आपण कागद कापतो, तसा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिने कोनाड्याचा नमुना कापला. जिथे अडला तिथे कात्री लावली, जिथे फट राहिली तिथे पट्टी चिकटवली. तो पुठ्ठा प्लायवर ठेवून रेघ मारली. नुसत्या आकड्यांवर विसंबून कापले असते तर प्लाय वाया गेला असता. हा धडा प्रत्येक घराने घ्यावा असा आहे.

पहिला प्रयत्न आणि फजिती

एका रविवारी आम्ही तिन्ही बाजूंच्या भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर एकवीस इंच रुंदीची अखंड फळी बसवली. दिसायला फार सुबक. मुलीने त्याच संध्याकाळी वह्या-पुस्तके मांडली, कंपासपेटी उघडून ठेवली, धाकट्याला हात लावू दिला नाही. आईने आपली पेटी मोरीजवळ सरकवून घेतली. कुणी तिला सांगितले नव्हते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "मला काय रे, कुठंबी बसंन."

मंगळवारी रात्री मुलगी कोपर टेकवून लिहीत असताना उजवीकडची पट्टी भिंतीतून निसटली आणि फळी पुस्तकांसकट खाली आली. पोरीला लागले नाही हे नशीब. पण तिचे तोंड एवढेसे झाले.

शेजारच्या बिऱ्हाडातले काका गिरणीच्या सुतार खात्यात होते. आवाज ऐकून ते आले. पडलेला स्क्रू त्यांनी उचलला, भिंतीतल्या भोकात करंगळी घातली आणि बाहेर काढून आम्हाला दाखवली. करंगळी पांढरी झाली होती. "हा चुना आहे. तुमची फळी गिलाव्याला लटकली होती. विटेला धरायला पाहिजे. भोक पाडताना आधी पांढरी भुकटी येते, मग लाल येते. लाल आल्यावर दोन इंच आत जायचे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची असे ठरले. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पुन्हा करणारच आहात तर आजीची जागा ठेवून करता येईल का?"

आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर आमच्या हे ध्यानातच आले नव्हते. आमचे वडील गिरणीतून सुटून यायचे तेव्हापासून आई त्या खिडकीशी बसते. तांदूळ तिथेच निवडते, गोधडीला टाके तिथेच घालते, कोण आले कोण गेले ते तिथूनच पाहते. गुडघ्यांमुळे आता तिला तीन जिने उतरणे होत नाही. बाहेरचे जग तिच्यापुरते त्या खिडकीएवढेच उरले आहे. तेवढे आम्ही एका रविवारात काढून घेतले होते आणि तिने तक्रारसुद्धा केली नव्हती. तीन दिवस ती मोरीजवळ अंधारात बसून होती. ते फक्त नातीने पाहिले.

काकांनी डोके खाजवले आणि म्हणाले, "मग पडती फळी करू."

पडत्या फळीचे मेज

हे मेज कसे केले ते सविस्तर सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे असा कोनाडा आहे त्यांना उपयोग होईल. कोनाडा नसला तरी साध्या भिंतीवर हेच करता येते.

सामान असे लागले : सहा सुती, म्हणजे अठरा-एकोणीस मिलिमीटर जाडीच्या प्लायचा चार फूट बाय दोन फुटांचा तुकडा. आठ बाय चारची अख्खी शीट घेण्याची गरज नाही. लाकडाच्या वखारीत कापलेले तुकडे मिळतात. खिडकीतून पावसाचे शिंतोडे येणार असतील तर साधा कमर्शिअल प्लाय घेऊ नये, पाण्याला टिकणारा घ्यावा, त्यावर आय. एस. ७१० असा छाप असतो. साध्यावर ३०३ असतो. त्याशिवाय दीड इंच जाडीच्या आणि एक इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या, मेजाला तीन आणि टेकूंना चार बिजागऱ्या, तीन इंची स्क्रू, गिट्ट्या, फेव्हिकॉल आणि पॉलिश पेपर. करवत, पटाशी, हातोडी, पाणसळ आणि ड्रिल मशीन काकांचे.

उंची : आधी खुर्ची ठरवावी, मग मेज. मुलीला खुर्चीवर ताठ बसवले, पाय जमिनीला पूर्ण टेकवले आणि कोपर काटकोनात वाकवून घेतले. कोपर जिथे येते तिथे मेजाचा पृष्ठभाग. आमच्याकडे ते अठ्ठावीस इंच आले. बहुतेक तयार टेबले मोठ्या माणसांच्या मापाने तीस इंचांच्या आसपास असतात. लहान मुलांचे खांदे त्यावर उचलले जातात आणि मान दुखते. खाली बसून लिहिण्याची सवय असेल तर फळी त्या मापाने खाली घ्यावी, नियम कोपराचाच.

दोन भाग : प्लायचे लांबीत दोन भाग केले. सहा इंचांची मागची पट्टी कायमची बसवायची आणि पंधरा इंचांची पुढची फळी खाली पडणारी. दोन्ही मिळून एकवीस इंच होतात. उघडी वही आणि तिच्यापुढे पुस्तक सहज मावते. दोन्ही बाजूंना भिंतीपासून एक-एक सूत जागा सोडली. घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात फुगते आणि अडकते.

भिंतीचा आधार : पाणसळ लावून रेघ मारली. जमिनीवरून टेपने मोजून रेघ मारू नये, जुन्या खोल्यांची फरशी एका पातळीत नसते. रेघेवर मागच्या भिंतीला दीड इंची पट्टी बसवली आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांचे तुकडे. भोके पाडताना पांढरी भुकटी संपून लाल येईपर्यंत थांबलो आणि मग आणखी दोन इंच आत गेलो. दोन विटांमधल्या सांध्यात भोक आले तर ते सोडून बाजूला पाडावे. सांध्यातला चुना भुसभुशीत असतो. काकांनी सागाच्या गिट्ट्या तासून ठोकल्या. प्लॅस्टिकच्या गिट्ट्याही चालतात. भोक पाडण्याआधी त्या भिंतीतून विजेची वायर गेलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. खिडकीच्या चौकटीला मात्र काही ठोकू नये. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिला धरलेले सगळे सैल होते.

टेकू : मागच्या पट्टीच्या दोन्ही टोकांशी, कोनाड्याच्या बाजूंपासून चार-चार इंच आत, तेवढ्याच जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या भिंतीला लावल्या. त्यांना दाराप्रमाणे उघडणारे दोन तिकोनी टेकू बिजागरीने जोडले. टेकूची आडवी भुजा अठरा इंच. उघडला की फळीखाली येतो, मिटला की भिंतीला चिकटून राहतो. दोन्ही टेकू आतल्या बाजूला मिटतात आणि एकमेकांना आपटत नाहीत. ते मिटताना वरच्या बिजागऱ्यांना घासू नयेत म्हणून टेकूची उंची अर्धा इंच कमी ठेवली आणि फळीखाली, जिथे टेकू येतो तिथे, अर्ध्या इंचाचा लाकडी तुकडा चिकटवला. त्यालाच एक खीळ ठेवली, म्हणजे टेकू पुढे सरकत नाही.

बिजागऱ्या : मागची पट्टी आणि पुढची फळी एकमेकींना भिडवून खालच्या अंगाने तीन बिजागऱ्या मारल्या. फळी उचलून दोन्ही टेकू उघडले की मेज तयार. टेकू मिटले की फळी सरळ खाली लोंबते. ती लोंबताना जमिनीपासून बारा इंच वर राहते आणि आईची पेटी अकरा इंच उंच आहे. हे माप आम्ही मुद्दाम जुळवून घेतले. पेटी फळीखालून अर्धी आत सरकते, उरलेल्या भागावर बसता येते आणि समोर खिडकी मोकळी राहते. मेज उघडायचे तेव्हा पेटी ओढून पलंगाखाली जाते.

शेवटचा हात : कडांना लाकडी पट्टी चिकटवली, नाहीतर प्लायची कुसळे हाताला आणि कपड्याला लागतात. पॉलिश पेपर मारून व्हार्निशचे दोन हात दिले. फळीच्या खालच्या बाजूलाही दिले. लोक वरची बाजू चमकवतात आणि खालची कोरडी ठेवतात. मग ओल एकाच बाजूने शिरते आणि फळी वाकते. व्हार्निशचा वास जाईपर्यंत दोन दिवस खिडकी उघडी ठेवली आणि मुलांना तिथे बसू दिले नाही.

उजेड : दिवसा समोरून उजेड येतो. ऊन थेट वहीवर पडले की डोळे दिपतात, म्हणून जुन्या साडीचा पातळ पडदा लावला. रात्रीसाठी नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा मागच्या पट्टीवर डाव्या हाताला ठेवला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडे असावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्या मुलाला उलट. आणि मेजावर वाकून डोके दिव्यापुढे येत असेल तर दिवा नव्हे, मेजाची उंची तपासावी.

या मेजावर वह्या-पुस्तके आणि हात ठेवायचे, चढून बसायचे नाही. धाकट्याला हे तीनदा सांगावे लागले.

जागा कमी होती, वेळ काढला

हे करताना मनात एक गोष्ट सारखी येत होती. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत त्यांचे बिऱ्हाड एका खोलीत होते. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच भीमरावांचा अभ्यास. रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता, चाळ निजलेली असताना, उठवून अभ्यासाला बसवीत. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले ते अशा खोलीतून. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार केला आणि १९३० नंतरच्या काळात दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि सांगताना बहुधा एवढेच म्हणतो की, 'बघ, त्यांनी कसा अभ्यास केला. तू का करत नाहीस?' पण त्या गोष्टीत एक बापही आहे. त्याच्याकडे द्यायला जागा नव्हती, म्हणून त्याने स्वतःची झोप मोडून वेळ दिला. मुलांना बाबासाहेबांचे उदाहरण देताना आपण आईबापांनी रामजीबाबांचे उदाहरण स्वतःकडे घ्यावे, असे आम्हाला वाटते. मेज झाल्यावर आमच्या घरी नियम झाला : रात्री आठ ते दहा टीव्ही बंद, मोबाइल कपाटावर, आणि पाहुणे आले तर गप्पा गॅलरीत. गॅलरीत आता मुलीऐवजी आम्ही असतो.

ज्यांना इतकेही करणे शक्य नाही, त्यांनी विहारातली किंवा वस्तीतली अभ्यासिका पाहावी. ती नसेल तर चार घरांनी मिळून एका विहारात संध्याकाळी दोन तास दिवा आणि दोन बाके यांची सोय करावी. भिंत विहाराची असली तरी पडती फळी तिथेही बसते. उपोसथाला, पौर्णिमेला फळ्या खाली सोडल्या की वंदनेला जागा मोकळी. भाड्याच्या खोलीत भिंत फोडायची नाही, तुळईला हात लावायचा नाही, एवढे पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. आज ना उद्या चाळीचा पुनर्विकास होणार म्हणून थांबून राहू नये. इमारत उभी राहायला वर्षे लागतात आणि मुलाची दहावी एकदाच येते. आमच्या मेजाचे सगळे स्क्रू काढता येतात. नव्या घरी जाताना ते बरोबर नेऊ.

आता आमच्याकडचा दिवस असा जातो. मुलगी साडेअकराला शाळेला निघते. आई फळी उचलते, एक टेकू मिटते, दुसरा मिटते, फळी सावकाश खाली सोडते. पहिले दोन दिवस तिला दाखवावे लागले, आता आमच्यापेक्षा तिचा हात चांगला बसला आहे. पेटी ओढून ती खिडकीशी बसते. तांदूळ, गोधडी, रस्ता, येणारे-जाणारे, सगळे पूर्वीसारखे. साडेपाचला ती उठते, पेटी पलंगाखाली ढकलते, फळी वर घेते आणि पदराने पुसते. दिवा डावीकडे ठेवते. हे तिला कुणी सांगितलेले नाही.

शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली. सही करते, बसच्या पाट्या लावून लावून वाचते. रात्री नात लिहीत असली की ती शेजारी पलंगावर बसून असते, जपमाळेसारखी गोधडीची कड हातात घेऊन. परवा तिने विचारले, "ह्या लांबट चित्राला काय म्हणत्यात गं?" मुलीने सांगितले, "आजी, तो समांतरभुज चौकोन." आजीने ते नाव दोनदा म्हणून पाहिले. तिसऱ्यांदा बरोबर आले.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. येत्या रविवारी आपापल्या घरातली खिडकी एकदा टेप घेऊन मोजून पाहा. आणि मोजताना तिथे आत्ता कोण बसते, तेही विचारून घ्या.